लष्करी सरप्लस रायफलींचा संग्रह

सैन्याने सेवेतून काढलेल्या जुन्या रायफली, त्यातही हाताने बोल्ट (काडतूस नळीत सरकवणारा दांडा) मागेपुढे करून चालवायच्या, विकत घेऊन जपण्याचा हा छंद आहे. संग्राहक रायफलीवरच्या खुणा वाचून ती कुठून कुठे फिरली हे शोधतो आणि जमेल तेव्हा चांदमारीच्या मैदानावर नेऊन ती चालवूनही पाहतो. इंग्रजी बोलणारे संग्राहक अशा मालाला लाडाने ‘मिलसर्प’ म्हणतात, म्हणजे ‘मिलिटरी सरप्लस’चे लघुरूप. छंदाचे मुख्य घर अमेरिका. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्वित्झर्लंड आणि फिनलंड येथेही त्याचे जुने चाहते आहेत. राजेरजवाड्यांच्या शस्त्रागारातल्या सोन्यारुप्याने मढवलेल्या बंदुकांशी त्याची गल्लत करू नये. इथली वस्तू लाखांच्या संख्येने बनलेली, सरकारी आणि दिसायला साधी असते. एकीचा इतिहास दुसरीसारखा नसतो, एवढ्यावर हा छंद उभा आहे.

माल बाजारात येतो तो सैन्यांच्या गरजा बदलल्यामुळे. दुसरे महायुद्ध संपले आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत बहुतेक देशांनी स्वयंचलित किंवा अर्धस्वयंचलित रायफली घेतल्या. ली-एनफिल्ड, माउझर, मोसिन-नागांत, कार्कानो, आरिसाका अशा रायफलींनी भरलेली कोठारे एकाएकी अडगळ ठरली. त्या वितळवाव्यात की विकाव्यात, एवढाच प्रश्न उरला. सॅम्युएल कमिंग्ज या अमेरिकन व्यापाऱ्याने तो विकण्याच्या बाजूने सोडवला. त्याच्या ‘इंटरआर्म्स’ कंपनीने देशोदेशींची कोठारे घाऊक भावात उचलली आणि व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या गोदामांत आणून ओतली. १९५०च्या दशकात टपालाने मागवलेली रायफल थेट घरपोच येई. घेणारे बहुतेक शिकारी होते. त्यांनी दस्त्याचे पुढचे लाकूड करवतीने कापले, संगिनीचा खुंटा घासून टाकला, वर दुर्बीण बसवली आणि हरणाच्या मागे निघाले. अशा कापलेल्या रायफलीला ‘स्पोर्टर’ म्हणतात. ती पाहिली की आजचा संग्राहक हळहळतो, पण त्या काळी त्या लाकडाला कोणी इतिहास समजत नव्हते, हेही खरे.

१९६३ साली ली हार्वे ऑस्वाल्डने राष्ट्राध्यक्ष केनेडींवर झाडलेली ६.५ मिलिमीटर कार्कानो हीदेखील इटालियन सैन्याची अशीच सरप्लस रायफल होती. शिकागोच्या एका दुकानातून त्याने ती खोट्या नावाने टपालाने मागवली होती. दुर्बिणीसह किंमत १९.९५ डॉलर, टपालखर्च वेगळा. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्याने राज्याबाहेरून टपालाने बंदुका मागवणे बंद झाले आणि लष्करी सरप्लसची आयातही थांबली. १९८४ साली कायदा सैल करून जुन्या, संग्राह्य ठरलेल्या लष्करी बंदुकांना पुन्हा वाट दिली गेली. पुढे सोव्हिएत संघ कोसळला, पूर्व युरोपातली कोठारे उघडली आणि स्वस्ताईचे दुसरे पर्व सुरू झाले. शंभर डॉलरच्या आत मोसिन-नागांत मिळे, तीही संगीन, तेलाची डबी आणि काडतुसांच्या पिशव्यांसकट. ते दिवस आता सरले आहेत.

अमेरिकन कायद्यात या छंदासाठी वेगळा परवाना आहे. किमान ५० वर्षांपूर्वी बनलेली आणि मूळ रूपात असलेली बंदूक ‘क्युरिओ अँड रेलिक’ या वर्गात मोडते. ३० डॉलर भरून तीन वर्षांचा संग्राहक परवाना काढला की अशी बंदूक दुसऱ्या राज्यातून थेट स्वतःच्या पत्त्यावर मागवता येते, स्थानिक दुकानदाराला मध्ये घ्यावे लागत नाही. बदल्यात प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद एका वहीत ठेवावी लागते आणि या परवान्यावर धंदा करता येत नाही. १८९८ साली किंवा त्याआधी बनलेली बंदूक मात्र ‘अँटीक’ ठरते आणि केंद्रीय कायद्यातल्या बऱ्याच अटींतून सुटते. यात एक मजेशीर पळवाट आहे. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे रिसिव्हर, अर्थात नळी आणि बोल्ट जिथे जोडले जातात तो पोलादी गाभा. फिनलंडने आपल्या एम-३९ रायफली झारच्या काळातल्या जुन्या रशियन रिसिव्हरांवर बांधल्या. त्यामुळे नळीवर १९४२ साल आणि लाकूड उतरवल्यावर रिसिव्हरच्या शेपटीखाली १८९७ असे निघू शकते. दुसऱ्या महायुद्धातली रायफल मग कागदावर एकोणिसाव्या शतकातली ठरते. पेचकस हातात घेतल्याशिवाय हे कळत नाही.

खुणा वाचणे हाच या छंदाचा खरा अभ्यास. नवशिक्याचे लक्ष नळीच्या आतल्या आट्यांकडे जाते, मुरलेला माणूस आधी आकडे पाहतो. रिसिव्हर, बोल्ट, मॅगझीन म्हणजे काडतुसांची पेटी आणि दस्त्याची पट्टी यांवर एकच क्रमांक असेल तर रायफल ‘मॅचिंग’, आणि भाव एकदम वर. जर्मन सैन्याची माउझर कार-९८के याचा उत्तम नमुना आहे. कारखान्याची सांकेतिक अक्षरे, साल, तपासनिसाचे गरुडाचे शिक्के हे सगळे जागच्या जागी असलेली रायफल महाग. सोव्हिएत सैन्याने हस्तगत केलेल्या हजारो माउझरांचे मात्र गोदामात सुटे भाग करून, घासूनपुसून, हाताला येईल तो बोल्ट बसवला गेला. लाकडाला लाखेचा लालसर मुलामा आणि रिसिव्हरवर ‘एक्स’सारखी फुली दिसली की ओळख पटते. युगोस्लाव्हियातून आलेल्या माउझरांवर नाझी चिन्हे ठोकून बुजवलेली आढळतात. जपानी आरिसाकावर सम्राटाचे सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे फूल असे. शरणागतीनंतर सोपवलेल्या बहुतेक रायफलींवर ते घासून काढलेले आहे. फूल शाबूत असले तर ती रणांगणावरून परस्पर उचललेली असण्याची शक्यता धरतात.

काही खुणा नुकसानीच्या असूनही भाव टिकवतात. घरी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकाच्या पिशवीत अख्खी रायफल मावत नसे, म्हणून तो नळीच्या कड्याखाली लाकूड आडवे कापून तिचे दोन तुकडे करी. या कापाला ‘डफल कट’ म्हणतात. शिकाऱ्याने त्याच लाकडाला करवत लावली तर ती रायफलीची नासधूस, सैनिकाने लावली तर मात्र पुरावा! स्वित्झर्लंडच्या के-३१ रायफलीत आणखी घरगुती गोष्ट सापडते. दस्त्याच्या टोकाची पोलादी पट्टी दोन स्क्रू काढून उतरवली की आत बरेचदा चौकोनी घडीचा कागद निघतो. ज्याला ती रायफल मिळाली होती त्या सैनिकाचे नाव, तुकडी आणि जन्मसाल त्यावर असते. संग्राहक तो वाचतो आणि पुन्हा तसाच आत ठेवून देतो.

भारताचा या जगाशी संबंध ईशापूरमार्गे येतो. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ली-एनफिल्ड बनवली. आपण तिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून ओळखतो. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात हीच होती, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी ती अधिकृतपणे निवृत्त केली २०२० साली. दस्त्याच्या गळ्याजवळच्या पट्टीवर मुकुट, त्याखाली ‘जीआरआय’ म्हणजे राजा-सम्राट जॉर्ज, मग ईशापूर आणि साल अशी उतरंड असते. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह येतात. रायफल तीच आणि कारखानाही तोच, पण एका शिक्क्यात सत्तांतर झालेले दिसते. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रूही ईशापूरची खूण मानतात. लाकूड चिरू नये म्हणून तो घातलेला असे. १९६२च्या चीन युद्धानंतर याच कारखान्याने ७.६२ मिलिमीटर काडतुसांसाठी ‘टू ए’ आणि ‘टू ए वन’ ही रूपे काढली. मॅगझीन त्यांत चौकोनी आणि बारा काडतुसांचे. दोन्हींतला मुख्य फरक मागच्या माशीवर, म्हणजे नेम धरायच्या पट्टीवर दिसतो, पहिलीवर आकडे २००० मीटरपर्यंत जातात तर दुसरीवर ८००पर्यंत. या रायफली पुढे मोठ्या संख्येने अमेरिकेत विकल्या गेल्या. सैन्यासाठी बनलेल्या शेवटच्या बोल्ट रायफलींपैकी एक म्हणून तिथे त्यांचा वेगळा चाहतावर्ग आहे.

काडतुसांच्या बुडावरची अक्षरे वाचणाऱ्यांना महाराष्ट्रही भेटतो. ‘केएफ’ म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, आणि ‘ओएफव्ही’ म्हणजे जळगाव जिल्ह्यातले वरणगाव. वरणगाव नकाशावर कुठे आहे हे ठाऊक नसलेला टेक्सासातला माणूस ही तीन अक्षरे सहज ओळखतो.

नेपाळचा साठा हे या छंदातले अलीकडचे मोठे घबाड. २००३ साली दोन अमेरिकन व्यापारी संस्थांनी काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला राजेशाही शस्त्रसाठा विकत घेतला. त्यात मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, त्याहून जुन्या, तोंडाकडून भरायच्या ब्राउन बेस बंदुका होत्या आणि नेपाळातच हाताने घडवलेल्या गहेंद्र रायफलीही होत्या. गिऱ्हाइकांना त्या शंभर वर्षांच्या धुळीसकट, ‘जशा आहेत तशा’ विकल्या गेल्या. थोडे जास्त पैसे दिले तर साफ केलेली मिळे, पण पुष्कळांनी धूळच पसंत केली.

सफाई हा वेगळाच सोहळा आहे. सोव्हिएत कोठारातली मोसिन कॉस्मोलिन नावाच्या तपकिरी, चिकट वंगणात बुडवलेली असते. बोल्टच्या खाचांत, नळीत, लाकडाच्या रंध्रांत ते गोठून बसते. लोखंडी भाग रॉकेलसारख्या द्रावकात धुता येतात. लाकडासाठी युक्ती अशी की दस्ता काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कडक उन्हात ठेवायचा. तासाभरात वंगण घामासारखे वर येते, ते फडक्याने टिपायचे आणि पुन्हा उन्हात ठेवायचे. हा क्रम दिवसभर चालतो. जुन्या सोव्हिएत काडतुसांच्या, दारू पेटवणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असते. बार उडाला की त्याचे क्षार नळीत उरतात आणि हवेतली ओल खेचून रात्रीतून गंज चढवतात. तेलाने क्षार निघत नाहीत, कढत पाणीच ओतावे लागते आणि मग नळी सुकवून तेलाचा हात द्यावा लागतो. लाकूड मात्र घासायचे नाही. पॉलिश कागद फिरवला की तपासनिसाचे शिक्के पुसट होतात आणि त्याबरोबर अर्धी किंमतही जाते.

अमेरिकेत सरकारही या व्यवहारात आहे. नेमबाजीच्या प्रसारासाठी १९०३ पासून चालत आलेल्या योजनेतून १९९६ साली ‘सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम’ ही संस्था उभी राहिली. मित्रदेशांना दिलेल्या आणि परत आलेल्या अमेरिकन सैन्याच्या अर्धस्वयंचलित एम-१ गॅरंड रायफली ती दर्जा लावून नागरिकांना विकते.  गॅरंडची आठ काडतुसांची क्लिप रिकामी झाली की टण्‌ असा आवाज करून बाहेर उडते. नवी क्लिप भरताना बोल्टखाली अंगठा चेचून घेणे हा तर दीक्षाविधीच समजला जातो.

भारतात हा छंद जवळजवळ अशक्य आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली .३०३ प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) येते. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात. सामान्य माणसाला परवान्यावर मिळते ती .३१५ बोअरची रायफल. यंत्रणा ली-एनफिल्डचीच, पण काडतूस वेगळे, म्हणजे लष्करी काडतूस तिला चालू नये. दुरुस्त करूनही झाडता न येणाऱ्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या बंदुकांना कायद्यात सूट आहे. त्यामुळे वाड्याच्या भिंतीवर निकामी तोड्याची बंदूक दिसते, चालती ईशापूर दिसत नाही.

नवे साठे आता क्वचित निघतात आणि निघाले तरी स्वस्त नसतात. अलीकडच्या वर्षांत इथिओपियातून इटालियन कार्कानो आणि माउझर आल्या. त्यांतल्या कित्येकींचे फुटके दस्ते खिळे, पत्रा आणि तारेने तिथेच सांधलेले आहेत. घेणारे सहसा तो पत्रा काढत नाहीत.