ती देवी नव्हे, ती चित्रकला

अठराव्या शतकातल्या युरोपीय चित्रकर्ती हौसेपोटी स्वतःला देवीच्या रूपात रंगवत, हा समज जुना आहे. झुळझुळीत वस्त्रं पाहून तसं वाटणं साहजिकच. पण इटालियनमध्ये ‘चित्रकला’ हा शब्द मराठीसारखाच स्त्रीलिंगी. म्हणून तिचं मूर्त रूपही बाईचं. ते पुरुष चित्रकाराला स्वतः घेणं अवघड, बाईला मात्र सहज शक्य. माझ्या मते हा व्यवसायावर सांगितलेला हक्कच होता.

खात्री करायची तर हातांकडे पाहा. रोममध्ये राहणाऱ्या एका चित्रकर्तीच्या १७९४ च्या आत्मचित्रात संगीत आणि चित्रकला या दोन बायका आहेत: संगीताच्या हाती स्वरलिपी, चित्रकलेच्या हाती रंगपाटी, तिचं बोट दूरच्या टेकडीवरल्या देवळाकडे. मांडणी हर्क्युलिसच्या निवडीची, म्हणजे सुखाची सोपी वाट आणि सद्गुणाची खडतर वाट यांतून एक निवडणाऱ्या, ग्रीक कथेतल्या पुरुष वीराची. मधली पांढऱ्या वस्त्रातली ती चित्रकर्ती स्वतः. तिचा एक हात संगीताने अजून धरून ठेवला आहे.