मठ म्हणजे व्हिसा नव्हे

“परदेशात राहायची सोय व्हावी म्हणून स्थलांतरित कॅथलिक मठात शिरतात, व्रत घेतलं की कागदपत्रं पक्की,” हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही.

व्रतामुळे कुठल्याही देशाचं नागरिकत्व मिळत नाही. अमेरिकेचा धार्मिक कार्यकर्त्यांसाठीचा आर-१ व्हिसा जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो, आणि त्याआधी २ वर्षं त्या पंथाचं सदस्यत्व दाखवावं लागतं. शिवाय चर्चची परीक्षा वेगळीच. नॉव्हिशिएट, म्हणजे नवदीक्षेचा काळ, किमान १२ महिन्यांचा. नंतरची व्रतंही तात्पुरती, निदान ३ वर्षांची. आजन्म व्रतं त्यानंतर. या सगळ्या काळात उमेदवार निघून जाऊ शकतो, संस्थाही नकार देऊ शकते. फसवणूक करून मिळवलेला नॉव्हिशिएटमधला प्रवेश तर चर्चच्या कायद्यानुसार अवैधच ठरतो.

पुढे कॅथलिक संत ठरलेले जॉन न्यूमन यांचंच पाहा. बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) शिक्षण झालं, पण तिथे धर्मगुरू पुरेसे होते, म्हणून धर्मगुरूपदाची दीक्षा लांबली. १८३६ मध्ये ते न्यूयॉर्कला आले, त्याच वर्षी धर्मगुरू झाले आणि नायगाराजवळच्या विखुरलेल्या वस्त्यांमध्ये एकट्याने राबले. रिडेम्प्टरिस्ट या कॅथलिक धर्मसंघात ते १८४० मध्ये गेले. व्रतं १८४२ मध्ये घेतली. अशा माणसाला आलेल्या देवाच्या हाकेला ‘सोय’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.