पांढऱ्या बुटांची घरगुती निगा

पांढरे बूट घरच्या घरी धुणे, त्यांवरचे डाग काढणे, ते पिवळे पडू न देणे आणि गरज पडली तर त्यांना पांढऱ्या पॉलिशचा हात देणे, ही सगळी कामे यात येतात. मराठवाड्यात पांढरे बूट म्हणजे प्रामुख्याने शाळेचे पीटीचे बूट: सुती कॅनव्हास, रबरी तळ आणि लेस. आता रेक्झिनचे आणि जाळीचे पांढरे बूट कॉलेजच्या मुलांपासून नवरदेवापर्यंत सगळ्यांच्या पायात दिसतात. तरी घरात बादलीजवळ बसून खरोखर धुतले जातात ते कॅनव्हासचेच, म्हणून या नोंदीचा भर त्यांच्यावर आहे.

येथील शाळांत १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे यांच्या जोडीला १७ सप्टेंबरलाही झेंडावंदन होते. १९४८ मध्ये याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. चारपैकी दोन झेंडावंदने ऐन पावसाळ्यात येत असल्याने बूट धुण्याची घाई आणि ते न वाळण्याचे दिवस एकाच वेळी गाठ पडतात. आदल्या रात्री धुतलेला बूट सकाळी ओलाच असतो. पावसाळ्यात धुण्यापासून वाळण्यापर्यंत दोन दिवस हाताशी ठेवावेत.

बुटाची रचना : वरचे कापड बहुधा दोन पदरी सुती कॅनव्हासचे असते. खाली रबरी तळ आणि दोघांचा सांधा झाकणारी रबरी पट्टी. हे रबर गंधकासह तापवून टिकाऊ केलेले असते. या प्रक्रियेचे पेटंट चार्ल्स गुडइअरला १८४४ मध्ये मिळाले आणि कॅनव्हासला रबरी तळ जोडलेले स्वस्त बूट पुढे त्यातूनच जगभर पसरले. आत सुखतळा, आणि स्वस्त बुटांत त्याच्याखाली पुठ्ठा. हा पुठ्ठा आणि तो चिकटवणारी चिकटवण दोन्ही पाण्याला कच्ची असतात. बूट रात्रभर भिजत घातला की पुठ्ठा फुगतो, त्याचा तपकिरी रंग पाण्यात उतरतो आणि वाळताना रबरी पट्टीच्या वर बोटभर उंचीवर चहासारखी रेघ उमटते. मळ राहिला असे समजून लोक ती पुन्हा घासतात. पुन्हा भिजवल्यावर ती आणखी गडद होते. दहा मिनिटांपेक्षा जास्त भिजवू नये, हा नियम यासाठीच आहे.

माती : दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. तिचे कण इतके बारीक असतात की ओल्या बुटावर ब्रश फिरवला तर ते विणीच्या आत ढकलले जातात. चिखलाने भरलेला बूट आणल्याबरोबर धुवायला घेऊ नये. तो वाळू द्यावा, दोन्ही तळ एकमेकांवर आपटावेत, खाचांतली माती काडीने काढावी आणि मग कोरड्या ब्रशने कापड झाडावे. एवढ्यानेच बरीच माती निघते, तीही पाण्याचा थेंब न वापरता. मुरमाच्या रस्त्याची तांबूस धूळ वेगळी. ती झाडून लगेच जाते, पण कापडात उरलेला तिचा लोहाचा अंश साबणाने निघत नाही. त्याला लिंबाचा रस किंवा लिंबूसत्त्व लागते: अर्धा लिटर पाण्यात एक छोटा चमचा लिंबूसत्त्व, डागावर १५ मिनिटे, मग भरपूर पाणी.

पाणी : पाण्याकडे दुर्लक्ष झाले तर बाकीची मेहनत वाया जाते. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारी करडी साय तयार होते, आणि ती विणीत अडकते. कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीने रोज धुतलेला बूट वर्षभरात राखी दिसू लागतो तो या सायीमुळे. जड पाण्यात द्रव डिटर्जंट चांगले काम करते. घरातील आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी साठवून पहिल्या धुण्याला वापरणे ठीक आहे. शेवटच्या पाण्याला मात्र ते कधीच घेऊ नये, कारण मूळ पाण्यापेक्षा त्यात क्षार जास्त असतात. शेवटच्या खळबळीला पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी उत्तम. ते नसेल तर पिण्याचे गाळलेले पाणी अर्धा लिटर पुरते.

२०१६ च्या टंचाईत लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात बुटांना बादलीमागून बादली ओतणे कोणालाच परवडत नाही. नीट बेत केला तर एक जोडी सहा-सात लिटरमध्ये स्वच्छ निघते. दोन जोड्या असतील तर पहिलीचे शेवटचे पाणी दुसरीला पहिले म्हणून चालते, आणि उरलेले डिटर्जंटचे पाणी अंगण किंवा मोरी धुवायला.

धुण्याची रीत : लेस आणि निघत असेल तर सुखतळा काढावा. लेस न काढता धुतलेल्या बुटात लेसच्या भोकांभोवती काळे कडे राहते, आणि भोकांच्या रिंगा लोखंडी असतील तर तिथे गंजही धरतो. आधी तळ आणि रबरी पट्टी घासावी, कापड नंतर. उलट केले तर तळाचा काळा ओघळ धुतलेल्या कापडावर उतरतो. पट्टीला साधी पांढरी टूथपेस्ट आणि जुना टूथब्रश पुरतो. पेस्टमधील खडूची किंवा सिलिकाची बारीक पूड मळ खरवडते. रंगीत जेलची पेस्ट घेऊ नये.

मग एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा द्रव डिटर्जंट आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घ्यावा. खाण्याचा सोडाच; धुण्याचा सोडा खूप अल्कधर्मी असतो आणि पिवळेपणाला तोच अधिक हातभार लावतो. बूट पाण्यात बुडवून ठेवण्यापेक्षा ब्रश पाण्यात बुडवून बुटावर चालवावा. मऊ दात्यांचा ब्रश, छोटे गोल फेरे, जीभ बाहेर ओढून तिच्या दोन्ही बाजू, शेवटी टाचेची आतली बाजू, जिथे घामाचा मळ सर्वांत घट्ट बसलेला असतो. जोर लावल्याने बूट जास्त पांढरा होत नाही, कापडाला लव सुटते आणि त्या लवेत पुढची माती लवकर धरते.

डिटर्जंट जास्त टाकणे ही सर्रास होणारी चूक. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त असे वाटते, पण तो फेस काढायला लागणारे पाणी कोणी मोजत नाही. दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यातून खळबळून काढल्यावर बुटाचे नाक अंगठ्याने जोरात दाबून पाहावे. विणीतून पांढरा फेस वर आला, किंवा बोटाला बुळबुळीत लागले, तर डिटर्जंट अजून आत आहे. यानंतर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर घालून दोन मिनिटे त्यात बूट फिरवावा आणि शेवटचे पाणी द्यावे. व्हिनेगर उरलेला अल्क मारतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून त्याचा फसफसणारा लेप लावण्याची टूम मात्र निरर्थक आहे: दोघे एकमेकांना मारतात, आणि बुटाच्या वाट्याला खारट पाणी येते.

पिवळेपणा : धुताना पांढराशुभ्र दिसलेला बूट वाळल्यावर पिवळट डागांचा का होतो? दिव्याच्या वातीत तेल चढते तसे कापडाच्या आतले पाणी पृष्ठभागाकडे चढते आणि तिथून उडून जाते. त्याने सोबत आणलेले डिटर्जंट, अल्क, चिकटवणीचा अंश मात्र मागे राहतो. जो भाग सर्वांत शेवटी वाळतो, म्हणजे बहुधा शिवणी, नाक आणि पट्टीलगतची कड, तिथे तो साचतो आणि कडक उन्हात पिवळा पडतो. त्यावर जुना आणि खात्रीचा इलाज कागदाचा. ओल्या बुटावर पांढऱ्या टिश्यू कागदाचे दोन-तीन थर अंगाला चिकटतील असे गुंडाळावेत. आता पाणी बुटाऐवजी कागदाच्या पृष्ठभागावरून उडते आणि साचायचे ते कागदात साचते. वाळल्यावर कागद सोलून पाहिला तर शिवणीच्या रेघा त्यावर पिवळ्या उमटलेल्या दिसतात. टिश्यू नसेल तर जुन्या पांढऱ्या धोतराचा ओला तुकडा तितकेच काम करतो. वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई ओल्या कापडावर उतरते. आत बोळा कोंबायचा तर तोही पांढऱ्या कापडाचा.

वाळवताना बूट पिळू नये, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे. टाच खाली, नाक वर असा भिंतीला तिरका टेकवून, वारा लागेल अशा सावलीत ठेवावा. एप्रिल-मेमध्ये गच्चीच्या स्लॅबवर दुपारी बूट ठेवला तर चिकटवण मऊ होऊन पट्टी सुटते. या दिवसांत सावलीतही बूट अर्ध्या दिवसात वाळतो, मग उन्हात ठेवायचेच कशाला?

क्लोरीनचे ब्लीच कॅनव्हासवर शेवटचा उपाय म्हणूनही टाळावे. ते सुती धागा कमजोर करते, लवचिक आणि नायलॉनचे भाग पिवळे करते, आणि पाण्यात लोह असेल तर त्याचे गंजाचे ठिपके पाडते. व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायच्या आम्लाशी त्याचा संबंध आला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत हे जिवावर बेतू शकते.

नीळ पिवळेपणा काढत नाही, झाकते. निळसर छटा पिवळ्या छटेला छेद देते आणि डोळ्याला पांढरे दिसते. एक लिटर पाण्यात द्रव निळीचे दोन थेंब आधी नीट ढवळावेत, मग दोन्ही बूट एकदमच बुडवून काढावेत. थेंब थेट कापडावर पडला तर तो डाग निघता निघत नाही.

पांढरे पॉलिश : बाटलीतल्या पॉलिशमध्ये खडूची किंवा चिनी मातीची पूड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि ते धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो. ते किंचित दमट बुटावर, स्पंजने, नाकापासून टाचेकडे पातळ लावावे. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. रिंगा आणि पट्टी ओल्या फडक्याने लगेच पुसाव्यात. मळक्या बुटावर थरावर थर चढवत गेले की चवड्याजवळ, जिथे बूट दुमडतो, तिथे तो खपल्या धरून फुटतो. दर दोन-तीन वेळांनी जुना थर धुऊन काढावा. प्रार्थनेच्या घंटेआधी वर्गातला खडू घासण्याची युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हे खडू बहुतेक जिप्समचे असतात, त्यांना धरून ठेवायला काही नसते, त्यामुळे परेड संपेपर्यंत सगळी पूड मैदानावर आणि पँटच्या मोहरीवर गेलेली असते.

डाग : हळदीचा डाग घाबरवतो. हिंगोली-वसमत हा हळदीचा पट्टा, आणि लग्नाची हळद तर सगळीकडेच. साबण लागताच डाग लालभडक होतो. हळदीतील कर्क्युमिन अल्कात रंग बदलते, एवढेच. पाण्याने धुऊन ओल्या डागाला ऊन दाखवावे. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. बुटाला ऊन द्यावे अशी ही मोजक्या वेळांपैकी एक, तेही फक्त डागापुरते. बाकी बूट फडक्याने झाकावा. रिंगांभोवतीच्या गंजाला लिंबू आणि मीठ. गवताचा हिरवा डाग सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने टिपावा, घासू नये. डांबराला रॉकेल लावतात, पण रॉकेलने रबर फुगते. त्याऐवजी खोबरेल तेल चोळून डांबर सैल करावे आणि तेल डिटर्जंटने काढावे.

पट्टीचे रबर स्वतःच जुने होऊन पिवळे पडले असेल तर घासण्याने ते निघत नाही. औषधाच्या दुकानातले ६ टक्के (२० व्हॉल्यूम) हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाने पट्टीवर लावून, वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळून, सकाळच्या उन्हात तास-दोन तास ठेवावे. हातमोजे घालावेत आणि मुलांना हे काम देऊ नये. फरक पडतो, पण काही महिन्यांत पिवळेपणा परततो.

इतर प्रकार : रेक्झिन आणि चामडे बुडवायचे नसते. दमट फडके, थोडा सौम्य साबण, पुन्हा स्वच्छ फडके. चामड्याला वर पांढरे क्रीम. नेलपॉलिश काढायचे द्रव किंवा थिनर रेक्झिनचा वरचा थरच विरघळवते. जाळीच्या बुटांना मऊ ब्रश आणि कॅनव्हासचीच रीत चालते. मात्र जाळीखालचा फोम पिवळा झाला असेल तर तो कशानेही पांढरा होत नाही. मखमली चामड्याला पाणी नको, कोरडा ब्रश आणि पांढरे खोडरबर. धुण्याच्या यंत्रात फक्त कॅनव्हास आणि जाळी घालावी, उशीच्या अभ्र्यात बांधून, थंड पाण्यात. सुकवण्याचे चक्र बंद ठेवून.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बूट ठेवताना ते पूर्ण वाळलेले असावेत. प्लास्टिकच्या पिशवीत अडकलेली ओल जूनपर्यंत काळ्या बुरशीचे ठिपके उमटवते आणि ते धाग्यात रुतून बसतात. कापडी पिशवी किंवा पुठ्ठ्याचे खोके चांगले. लेस वेगळ्या धुऊन, सैल गुंडाळून आत टाकाव्यात. पाच-दहा रुपयांना नव्या मिळत असताना काळ्या पडलेल्या लेसवर तास घालवण्यात अर्थ नाही.