शाळूचं माहेर

फेब्रुवारीत सांगली जिल्ह्यातल्या जतच्या पूर्वेकडं गेलं की शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, कणसं भरलेली दिसतात. तोवर शेवटचा पाऊस पडून तीन-चार महिने उलटलेले असतात. उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरलेलं हे पीक पुढं बहुतेक जमिनीत मुरलेल्या पाण्यावरच निघतं. काळ्या मातीतले चिकणकण पाणी पिऊन फुगतात आणि ते सावकाश सोडतात. वरून रान भेगाळलेलं असलं तरी खाली ओल असते, आणि शाळूची मुळं तिथवर उतरतात. पानावर मेणाचा थर असतो. ताण वाढला की पान सुरळी करून घेतं, वाढ थांबते, आणि ओल मिळाली की पुन्हा सुरू होते.

खरी करामत पानाच्या आत आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायचं काम एक विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. ऊन वाढलं की ते चुकतं, कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतं आणि रोपाची कमाई वाया जाते. गहू आणि भात हा तोटा सोसत जगतात. ज्वारी मात्र कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करते आणि आतल्या पेशींत दाटीनं भरते, त्यामुळं चुकीला फारसा वाव राहत नाही. पानाची रंध्रं कमी उघडून भागतं आणि तेवढं पाणी वाचतं.

ही हुशारी शाळूनं माणदेशात मिळवलेली नाही, ती तो माहेराहून घेऊन आला आहे. त्याचं माहेर सुदानमध्ये आहे. पूर्व सुदानातल्या कसाला शहराच्या परिसरात सापडलेल्या, सुमारे 5 हजार वर्षांपूर्वीच्या खापरांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. मडकी घडवताना कुंभारानं मातीत ज्वारीचं भूस मिसळलं होतं. भट्टीत भूस जळून गेलं, ठसे राहिले. रानटी ज्वारीचा दाणा पिकला की आपोआप गळतो, त्यामुळं त्याच्या देठाची खूण गुळगुळीत असते. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून पेरलेल्या ज्वारीचा दाणा मळून काढावा लागतो, म्हणून तिथं ओरबाडल्याची खूण राहते. त्या खापरांवर दोन्ही तऱ्हा सापडल्या. रानगवताचं पीक होत असतानाचा तो काळ होता.

सुदानी माणूस आजही मुख्यतः ज्वारीच खातो. आंबवलेल्या पिठाचा पातळ किस्रा, किंवा उकडीसारखा घट्ट असिदा. 15 एप्रिल 2023 ला तिथं लष्कर आणि एक निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. डिसेंबरात ते गेझिरात पोचलं. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या मधला हा काळ्या मातीचा, कालव्यांचा मुलूख म्हणजे देशाचं धान्याचं कोठार. त्या वर्षीचं धान्य उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं. ऑगस्ट 2024 मध्ये दारफूरमधल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ असल्याचं तज्ज्ञांच्या समितीनं जाहीर केलं. हा शब्द ते सहजासहजी वापरत नाहीत. किमान 20 टक्के घरांत अन्नाची पराकोटीची टंचाई, 30 टक्के मुलं तीव्र कुपोषित आणि दर 10 हजारांमागे रोज दोन माणसांचा उपासमारीनं किंवा कुपोषण आणि रोग यांनी मिळून मृत्यू, अशी त्याची मोजमापं आहेत. 5 हजार वर्षं जिथं ज्वारी पिकते तिथं हे घडावं, हे मनाला सोसत नाही.

पण धान्य निम्मं झालं म्हणून माणसं भुकेनं मेली, एवढं सरळ हे गणित नसतं. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात 20 ते 30 लाख माणसं गेली. अमर्त्य सेन तेव्हा नऊ वर्षांचे होते. पुढं त्यांनी आकडे तपासले, तेव्हा बंगालमधलं त्या वर्षीचं धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम 5 टक्के कमी भरलं, आणि 1941 पेक्षा तर जास्तच. मग मेलं कोण? शेतमजूर, कोळी, न्हावी. युद्धाच्या खर्चानं तांदळाचा भाव उसळला, मजुरी मागं राहिली. लोकांनी केस कापणं पुढं ढकललं आणि न्हाव्याच्या घरची चूल विझली. आपल्याकडं खळ्यावर मिळणारं बलुतं धान्यातच असायचं, त्यामुळं बाजारभावाचा असा फटका थेट बसत नसे. त्या व्यवस्थेतला जातीचा जाच मी विसरत नाही, पण मोबदला कशात मिळतो यावर जगणं-मरणं ठरतं, हे तिच्यातून कळतं.

तूट थोडी आणि भाव मात्र दुप्पट, असं का होतं? कारण पोट थांबत नाही. कापड महागलं तर माणूस जुन्यावर भागवतो, भाकरी महागली म्हणून भूक कमी होत नाही. सगळेच विकत घ्यायला धावतात, आणि कुणाला तरी बाजूला व्हावं लागेपर्यंत भाव चढत राहतो. बाजूला होतो तो गरीब. त्यात जगात पिकणाऱ्या गव्हापैकी साधारण चौथा हिस्साच देशांच्या सीमा ओलांडतो, म्हणून त्या लहानशा बाजाराला धक्का लवकर बसतो.

2022 साली हे डोळ्यांदेखत घडलं. फेब्रुवारीत रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं. जगाच्या गहू निर्यातीत या दोघांचा वाटा जवळपास 30 टक्के होता. इकडं भारतात 1901 पासूनच्या नोंदींमधला सर्वांत तापलेला मार्च आला. गव्हाचा दाणा भरायचे ते दिवस. उष्णतेनं दाण्यात पिष्ट साठवणारी विकरं मंदावतात आणि पीक घाईनं पिकतं, दाणा चिमतो. सरकारचा अंदाज 11 कोटी 13 लाख टनांवरून 10 कोटी 64 लाखांवर उतरला. घट 5 टक्क्यांहून कमी. 13 मे ला भारतानं गव्हाची निर्यात थांबवली आणि पुढचा बाजार उघडताच अमेरिकेतल्या शिकागोच्या धान्यबाजारात गव्हाचा भाव एका दिवसात जवळपास 6 टक्के चढला. प्रत्येक देश आपलं कोठार राखायला दार लावतो आणि त्या दारांमुळंच बाहेर भाव पेटतो.

गरिबाला असं बाजूला व्हावं लागू नये, यासाठीचा एक उपाय आपल्याच जिल्ह्यात घासूनपुसून पाहिला गेला, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. 1965 साली त्यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यात प्रयोग झाला: जो काम मागेल त्याला काम द्यायचं. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहायची नाही. 1972 च्या दुष्काळात राज्यातली पिकं गेली, तेव्हा मे 1973 मध्ये जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध. माझी आजी त्या खडीवर होती. मिलो या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरीचा विषय निघाला की ती आधी आपले तळहात दाखवायची. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढं या दुष्काळाचा अभ्यास केला. त्यात दिसलं की मोठ्या शेतकऱ्यांच्या ताटातलंही धान्य घटलं होतं. मजुराच्या हातात मजुरी होती, म्हणून तूट एकट्या त्याच्या पोटावर न पडता सगळ्यांत वाटली गेली. 1977 साली महाराष्ट्रानं या हमीचा कायदा केला. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर त्यासाठीच लावला गेला होता, म्हणजे मुंबईच्या कारकुनाचा पैसा जत-आटपाडीच्या बांधावर येत होता.

हा उपाय रस्ता उघडा असेल तरच चालतो. वेढा पडलेल्या गावात खिशातली नोट खाता येत नाही. सुदानमध्ये गल्लोगल्लीची तरुण पोरं मोठ्या पातेल्यांत सामायिक स्वयंपाक करतात. परदेशी गेलेले नातेवाईक मोबाइलवरून पैसे पाठवतात, त्यातून मिळेल तेवढी ज्वारी आणि मसूर घेतली जाते. फेब्रुवारी 2024 मध्ये देशभरातलं मोबाइल जाळं बंद पडलं. पैसे यायचे थांबले आणि कित्येक पातेली चुलीवरून उतरली.