माजी वर्गमित्रांची बॅच (नाशिक)

महाविद्यालयातून एकाच वर्षी बाहेर पडलेल्यांनी पुढील आयुष्यात एकमेकांचा ठावठिकाणा राखणे, बऱ्यावाईट बातम्या कळवणे आणि काही वर्षांनी एकत्र जमणे हा प्रघात. बोलण्यात त्याला नुसते ‘बॅच’ म्हणतात, आणि ‘आमची ८६ची बॅच’ असे सांगणाऱ्याच्या मनात तेव्हाच्या वर्गापेक्षा आज टिकून असलेला गोतावळा असतो. ‘गॅदरिंग’ म्हणजे वार्षिक स्नेहसंमेलन हे शिकत असलेल्यांचे. जुन्यांच्या भेटीसाठी ‘स्नेहमेळावा’ किंवा ‘गेट-टुगेदर’ हे शब्द रूढ आहेत.

नाशिकमध्ये १९२४ मध्ये हं. प्रा. ठा. महाविद्यालय, १९५७ मध्ये बी. वाय. के. वाणिज्य महाविद्यालय आणि १९६९ मध्ये के. टी. एच. एम. महाविद्यालय सुरू झाले. पदवीनंतर काहीजण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, ओझरच्या विमान कारखान्यात किंवा नाशिकरोडच्या मुद्रणालयांत लागून गावातच राहिले. बरेच मुंबई-पुण्याला आणि त्याहून दूर गेले. बॅच टिकते ती मुख्यतः राहिलेल्यांमुळे. बाहेरगावी गेलेल्याचे घर बदलते, नोकरी बदलते, पण गावात राहिलेल्याचा पत्ता सहसा बदलत नाही, म्हणून चौकशी त्याच्याकडेच येते.

या कामाचा कणा म्हणजे यादी. ती बहुधा एकाच व्यक्तीकडे, प्रथम वहीत आणि नंतर संगणकावर असते. मुलग्यांची नावे हजेरीपटावरून जशीच्या तशी उतरतात. मुलींच्या बाबतीत मात्र लग्नानंतर आडनाव आणि काही घरांत पहिले नावही बदललेले असल्याने हजेरीपट निरुपयोगी ठरतो. त्यामुळे अनेक याद्यांत ‘माहेरचे आडनाव’ असा वेगळा रकाना दिसतो, आणि तो भरण्यासाठी कोणाच्या तरी भावाला, जुन्या शेजाऱ्यांना किंवा माहेरच्या दुकानात विचारावे लागते. पहिल्या मेळाव्यांना स्त्रियांची उपस्थिती कमी असली, की त्याचा अर्थ अनास्था असा लावला जातो. पुष्कळदा त्यांच्यापर्यंत निरोपच पोचलेला नसतो.

साधने पिढीगणिक बदलली. १९५० मध्ये आलेले आंतर्देशीय पत्र, दिवाळीची भेटकार्डे आणि मुलामुलींच्या लग्नपत्रिका यांवर जुन्या बॅचेस चालल्या. पुढे एसटीडी बूथ, ऑर्कुट, फेसबुक आणि व्हॉट्सॲप आले. लग्नपत्रिकेचे महत्त्व मात्र ओसरलेले नाही, कारण पंगतीत शेजारी बसून होणारी विचारपूस फोनवर होत नाही.

बातम्यांत तरुणपणी नोकरी-लग्ने, मग मुलांचे दहावी-बारावीचे निकाल, पन्नाशीनंतर निवृत्ती, शस्त्रक्रिया आणि निधन असा क्रम लागतो. सकाळी वाढदिवसाचे केक आणि दुपारी मृत्यूची वार्ता एकाच पडद्यावर येते, तेव्हा कोणीतरी ‘आज शुभेच्छा थांबवा’ असे लिहितो. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा मारा सुरू असताना अंत्यविधीची वेळ, ठिकाण आणि घरच्यांचा क्रमांक खाली दबून जातो, म्हणून काही बॅचेस ही माहिती एकानेच टाकावी असे ठरवून घेतात. आजारपणात रक्त देणारा किंवा रुग्णालयात रात्र काढणारा सहसा गावातला असतो; परगावचे पैसे पाठवतात. या वाटणीबद्दल कुरकुर होते, पण ती उघड क्वचितच बोलली जाते.

मेळावे दिवाळीच्या सुटीत किंवा डिसेंबरच्या थंडीत, म्हणजे परगावचे आईवडिलांकडे आलेले असतात तेव्हा, ठेवले जातात. सकाळी मिसळ, मग जुन्या शिक्षकांना शाल-श्रीफळ आणि दुपारभर ओळखपाळख असा बेत असतो. पस्तीस वर्षांनी भेटलेले दोघे ‘अहो’ म्हणून सुरुवात करतात आणि पहिली मिसळ संपेपर्यंत ‘अरे’वर येतात.

यातून महाविद्यालयाशी जोडलेला माजी विद्यार्थी संघही उभा राहू शकतो. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सदस्य असल्यास त्याची नोंदणी करता येते, आणि महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची दखल घेतली जाते. बहुतेक बॅचेस मात्र नोंदणीच्या वाटेला जात नाहीत. वर्गणी एकाच्या बचत खात्यात जमा होते, हिशोब गटावर टाकला जातो आणि उरलेली रक्कम पुढच्या मेळाव्यासाठी राहते.