बंदरांचा गाळ आणि सरकारी ड्रेजर

चौलला किंवा सोपाऱ्याला आज गेलं, तर इथे कधीकाळी परदेशी गलबतं लागत होती हे सांगूनही खरं वाटत नाही. सत्तांतरं, मुंबईचा उदय अशी कारणं आहेतच. पण खाड्या गाळाने उथळ होत गेल्या, हेही त्यातलंच एक. बंदराचा धक्का आणि क्रेन डोळ्यांना दिसतात, जहाज आत येणार की नाही हे मात्र पाण्याखालच्या चॅनलवर, म्हणजे जहाजांसाठी खोल ठेवलेल्या वाटेवर ठरतं. आणि चॅनल दरवर्षी गाळाने भरतो.

ड्रेजिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीचा जन्म या कटकटीतून झाला. मार्च 1976 मध्ये स्थापना, मुख्यालय विशाखापट्टणम. ड्रेजर, म्हणजे गाळ उपसणारं जहाज, ही महागडी चीज. वर्षातले काही महिनेच लागणारं असं जहाज प्रत्येक बंदराने पदरी बाळगणं परवडणारं नव्हतं. त्यापेक्षा सरकारचा एकच ताफा असावा आणि तो गरजेप्रमाणे बंदराबंदरांत फिरावा, हा त्यामागचा साधा हिशोब.

सगळ्यात चिवट काम हुगळीवर. कोलकाता बंदर समुद्रापासून 200 किलोमीटरहून आत, नदीवर. गंगेचं पाणी वळवून हुगळीतला गाळ धुऊन काढायचा म्हणून फराक्का धरण बांधलं, ते 1975 मध्ये सुरू झालं. पुढे समुद्राच्या जवळ हल्दिया गोदी उभी राहिली. तरीही ड्रेजर हटले नाहीत. जेलिंगहॅम, ऑकलंड अशी इंग्रजी नावं असलेले नदीतले उंचवटे उपसायचे, ते पुन्हा साचायचे, की पुन्हा उपसायचे. वर्षानुवर्षं कंपनीची जहाजं तिथे राबत आली.

हे जहाज राबतं कसं, तेही पाहण्याजोगं असतं. हत्तीने सोंड सोडावी तसा जाडजूड पाइप कडेने तळापर्यंत उतरतो. जहाज हळूहळू पुढे सरकतं आणि पंप पाण्यासकट गाळ ओढून पोटातल्या हौदात, म्हणजे हॉपरमध्ये टाकतो. गाळ खाली बसतो, वरचं पाणी वाहून जातं, जहाज जड होऊन पाण्यात खाली खाली बसतं. भरलं की खोल समुद्रात नेमून दिलेल्या जागी जायचं आणि तळाची दारं उघडायची. सगळा माल खाली, जहाज एकदम वर. मग उलटं फिरून परत तिथेच.

2005 मध्ये भारत आणि श्रीलंकेमधल्या उथळ समुद्रात जहाजांसाठी वाट खोदण्याचा सेतुसमुद्रम प्रकल्प सुरू झाला आणि तिथेही याच कंपनीचे ड्रेजर गेले. पुढे रामसेतूच्या वादात 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या भागातलं काम थांबवलं. गाळ काढणारी कंपनी बातमीत यावी, असे प्रसंग विरळाच.

मालकीची गोष्ट अधिक गमतीची आहे. 2004 मध्ये सरकारने 20 टक्के शेअर बाजारात विकले. दरम्यान निविदांमध्ये परदेशी कंपन्या उतरल्या होत्या; बेल्जियम आणि हॉलंडच्या ड्रेजरांपुढे आपला ताफा लहान आणि वयस्कही. अखेर मार्च 2019 मध्ये उरलेला 73.47 टक्के हिस्सा सरकारने सुमारे 1,050 कोटी रुपयांना विकला. घेणारे कोण? विशाखापट्टणम, पारादीप, कांडला ही बंदरं आणि आपलं जेएनपीटी, म्हणजे उरणचं जवाहरलाल नेहरू बंदर. म्हणजे ज्यांचा गाळ काढायचा तेच मालक. याला निर्गुंतवणूक म्हणायचं खरं, पण पैसा एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात गेला, एवढंच. उरणच्या खाडीकाठच्या बंदराकडे तेव्हापासून कंपनीचा 18 टक्के वाटा आहे.

नव्या मालकांनी 2022 मध्ये कोचीन शिपयार्डला मोठा ड्रेजर बांधायला दिला. हॉलंडहून आणलेल्या आधीच्या तीन जहाजांचे हॉपर 5,500 घनमीटरचे, याचा 12,000. नाव ठेवलं गोदावरी. त्र्यंबकेश्वराहून निघून बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत ही नदी स्वतः किती गाळ वाहून नेते, हे नाशिककरांना पुरात दिसतंच.