मंगळावरचे कालवे : पार्श्वभूमी

मंगळ पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तो पंधरा-सतरा वर्षांतून एकदा, आणि तोही जुलैअखेर ते सप्टेंबर याच दिवसांत. गोव्यात तेव्हा आभाळ भरलेले असते. २०१८ च्या जुलैत तर इथे पाऊस आणि तिथे ग्रहभर धुळीचे वादळ. ज्यांना उघडीप मिळाली त्यांनाही दुर्बिणीत फिकट नारिंगी चकतीच दिसली. १८७७ चा सप्टेंबर असाच जवळिकीचा होता. फक्त दुर्बीण मिलानमध्ये होती.

तिथल्या निरीक्षकाने नकाशावर बारीक रेघा काढल्या आणि त्यांना ‘कानाली’ म्हटले. घोळ इथूनच सुरू झाला. इटालियनमध्ये हा शब्द खोदलेल्या कालव्यालाही चालतो आणि आपोआप पडलेल्या चरीला, पाण्याच्या पात्रालाही. इंग्रजीत या दोन अर्थांना दोन शब्द आहेत, आणि उचलला गेला तो खोदलेल्याचा. सुएझचा कालवा खुला होऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. कालवा म्हटल्यावर खोदणारा आलाच. १८९४ मध्ये एका धनिक अमेरिकनाने ॲरिझोनात स्वतःची वेधशाळा उभारली आणि ध्रुवांवरचे पाणी वाळवंटात नेणारी आख्खी संस्कृती कल्पून टाकली. मराठीत विषय इंग्रजीमार्फत आला, म्हणून आपल्याकडेही ‘कालवे’च.

पोर्तुगीज शिकलेल्या आपल्या आजोबांच्या पिढीला ही गफलत समजावून सांगावी लागली नसती, कारण त्यांच्या ‘कानाल’च्या पोटातही दोन्ही अर्थ आहेत. लांब कशाला, कुंभारजुव्याचा कालवा घ्या. मांडवी आणि झुआरीला जोडणारे, भरती-ओहोटीचे, खारफुटीचे, मगरींचे ते पात्र. नाव कालव्याचे, चाल नदीची. मंगळावरच्या रेघांना साधा ‘व्हाळ’, म्हणजे ओढा, म्हटले असते तर तिथे कुणी इंजिनिअर शोधायला गेले नसते. (किनाऱ्यावर ‘कालवां’ म्हणजे ताटातली, ती वेगळीच.)

तरीही सगळा दोष भाषांतराच्या माथी मारणे मला पटत नाही. शब्द बरोबर निवडला असता तरी रेघा मुळात नव्हत्याच. १९०९ मध्ये फ्रान्समधल्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिल्यावर त्या सुटून वेगवेगळे डाग झाले. सुटे डाग जोडून रेघ करायची सवय डोळ्याची. गंमत म्हणजे त्या जाळ्यातल्या ज्या मोजक्या रेघा खऱ्या भूरूपाशी जुळल्या, त्यांतली एक नेमकी पुढे सापडलेल्या एका महादरीच्या जागी होती. पण तेव्हा ती इतरांसारखीच एक रेघ.

जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ यान जवळून गेले आणि त्याने बावीस छायाचित्रे पाठवली. त्यांत कालवे नव्हते, चंद्रासारखी विवरे होती. पुढची दोन यानेही नुसती शेजारून गेली. नोव्हेंबर १९७१ मध्ये मरिनर ९ मंगळाभोवती फिरू लागले, परग्रहाला प्रदक्षिणा घालणारे पहिले यान, तेव्हा खाली धुळीशिवाय काहीच नव्हते. धुळीतून चार काळे ठिपके वर आले होते. ती ज्वालामुखींची डोकी. धूळ बसत गेली तशी विषुववृत्ताच्या दक्षिणेला एक भेग उघडी पडत गेली. यानावरूनच तिचे नाव पडले : व्हॅलेस मरिनेरिस.

लांबी सुमारे ४,००० किलोमीटर, काश्मीर ते कन्याकुमारीहून जास्त. काही ठिकाणी रुंदी २०० किलोमीटर, म्हणजे पेडणे ते काणकोण अख्खा गोवा आडवा ठेवला तरी दुसरा काठ दूरच. खोली सात किलोमीटरपर्यंत. दूधसागर एकावर एक बाविसेक रचावे लागतील. मराठीत हिला ‘घळई’ लिहितात, ते खटकते. घळई नदी कापते. ही मुख्यतः थार्सिस नावाचा प्रचंड फुगवटा वर येताना कवच ताणले जाऊन फाटली, आणि मग कडे ढासळून रुंदावली. नर्मदेसाठी शाळेत शिकलेला ‘खचदरी’ हा शब्द अधिक जवळचा. पाण्याचा हात दिसतो तो पूर्वेकडच्या टोकाला, जिथून महापुरांच्या वाटा उत्तरेकडे गेल्या आहेत.

मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी कक्षेत पोचले आणि त्याच्या रंगीत कॅमेऱ्यानेही ही दरी टिपली. त्याच सुमारास रेघांचे प्रकरण पुन्हा उघडले. उन्हाळ्यात उतारांवर लांबत जाणाऱ्या काळ्या रेघा २०११ मध्ये जाहीर झाल्या होत्या, आणि या दरीच्या कड्यांवर त्या भरपूर आहेत. २०१५ मध्ये त्यांचा संबंध खाऱ्या पाण्याशी लावला गेला, मथळे झळकले. दोन वर्षांत दुसरा अभ्यास आला : ही घसरणारी कोरडी वाळू असावी. डिसेंबर २०२१ मध्ये दरीच्या मध्यभागी, कँडोर भागात, जमिनीखालच्या पहिल्या मीटरभरात भरपूर हायड्रोजन असल्याचे जाहीर झाले. तो बर्फाचा की खनिजांत बांधलेल्या पाण्याचा, हा वाद चालू आहे.

मंगळावरच्या मोठ्या प्रवाहखोऱ्यांना निरनिराळ्या भाषांतली मंगळाचीच नावे देण्याचा प्रघात आहे. संस्कृतातले ‘मंगल’ थार्सिसच्या पश्चिमेकडच्या ज्या खोऱ्यांना मिळाले, ती पुराच्या पाण्याने कोरलेली मानली जातात. व्हाळ म्हणायचे तर त्यांना.